वर्तनशास्त्राचे ऑनलाईन शिक्षण आणि आमची अबोल मुले

गतवर्षी पावसाळ्याच्या आरंभीची गोष्ट. रविवारचा मिस्साबली चालू असता वेदीवरील घंटा वाजली आणि त्याच क्षणी मागल्या बाकावरून एका पाच वर्षांच्या मुलाची किंकाळी उठली. त्याने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले होते. आईने त्याला उचलले व मान खाली घालून ती बाहेर पडली. पुष्कळ माना मागे वळल्या. कोणी वावगा शब्द काढला नाही हे खरे; परंतु ते पाहणेच तिला पुरेसे झाले असावे. पुढले तीन रविवार ती माता चर्चमध्ये दिसली नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो. मूल अंगणात एका फिरत्या चाकाकडे टक लावून बसले होते. हाक मारली तरी वळून पाहीना. घरच्या शामायने मीठ-मिरच्या ओवाळून दिष्ट काढून पाहिली होती, नवसही बोलून झाले होते. आई एवढेच म्हणाली, "फादर, तो हट्टी नाही हो. त्याला काय हवे ते मला कळत नाही, आणि मी काय सांगते ते त्याला कळत नाही." वैद्यकीय तपासणी झाली होती. मुलाला स्वमग्नता आहे, ज्यास इंग्रजीत ऑटिझम म्हणतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मात्र पुढे काय करावे, हे तिला उमगले नव्हते.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात आमच्याच धर्मग्रामातील एक तरुणी सल्ला विचारण्यास आली. मानसशास्त्र घेऊन ती पदवीधर झालेली आहे. एका परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाईन पदव्युत्तर वर्गात तिने नाव घातले होते व विषय होता उपयोजित वर्तन-विश्लेषण, म्हणजेच 'अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस'. पहिला हप्ता भरण्यासाठी आईच्या दोन सोन्याच्या बांगड्या मोडल्या होत्या. आता दुसऱ्या हप्त्याची वेळ आली होती व त्यासाठी घरावर कर्ज काढावे की काय, असा प्रश्न पडला होता. "फादर, घालू का पैसे?" हा तिचा सरळ प्रश्न.

आम्ही त्या शास्त्रातले नव्हे. परंतु या दोन घरांच्या प्रश्नांची गाठ एकच आहे असे आम्हांस वाटले. म्हणून वाचून, विचारून जे समजले ते आमच्या कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

पहाटेची शाळा

प्रथम त्या तरुणीचा दिनक्रम ऐका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा, तिकडच्या उन्हाळ्यात, आपल्याकडे पहाटेचे साडेचार होतात, हिवाळ्यात साडेपाच. ही तिची वर्ग भरण्याची वेळ. घरची माणसे निजलेली असताना ती स्वयंपाकघरातील मेजावर संगणक उघडून बसे. बाहेर पाऊस, मध्येच वीज जाई आणि विजेबरोबर शिक्षकाचा चेहराही जाई. वर्ग संपता संपता पोदेराचा भोंपा ऐकू येई. दिवसभर म्हापशास नोकरी आणि रात्री पुन्हा टिपणे. असे शिक्षण घेणाऱ्यास आळशी कोण म्हणेल?

पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांत आमच्या ख्रिस्ती वस्त्या लहान व विखुरलेल्या आहेत. बांबोळीच्या इस्पितळात जावयाचे तर पेडण्याच्या माणसाला म्हापसा व पणजी येथे गाडी बदलावी लागते. अशा ठिकाणी राहणाऱ्या मुलीला घरबसल्या जगातील विद्यापीठाचे दार उघडते, ही लहान गोष्ट नव्हे. ऑनलाईन शिक्षणाची थट्टा करण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. मात्र दार उघडे असले म्हणजे आत काय आहे व त्यातून बाहेर कोठे पडता येते, हे विचारावेच लागते.

हे शास्त्र सांगते काय?

या विद्येचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांनी घातला. प्राणी व माणूस यांच्या कृतीनंतर जे घडते, त्यावर ती कृती पुन्हा होणार की नाही हे पुष्कळसे अवलंबून असते, असे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. १९६८ साली कॅन्सास विद्यापीठातील बेअर, वुल्फ व रिस्ली या तिघा प्राध्यापकांनी हे तत्त्व प्रत्यक्ष जीवनातील अडचणींना कसे लावावे याची मांडणी केली व त्याच वर्षी या विषयाचे स्वतंत्र नियतकालिकही सुरू झाले.

नाव जड असले तरी मूळ विचार आपल्या स्वयंपाकघरात बसून समजण्याजोगा आहे. समजा, मूल जेवताना ताट फेकते. आपण म्हणतो, "वाईट खोड आहे." हे शास्त्र म्हणते, थांबा, वही घ्या आणि तीन रकाने आखा. ताट फेकण्यापूर्वी काय घडले, मुलाने नेमके काय केले, आणि त्यानंतर काय झाले? आठ दिवस लिहा. कदाचित असे दिसेल की कढीचे ताट आले की ते फेकले जाते आणि फेकल्यावर आई ते उचलून नेते. म्हणजे मूल आपल्या परीने सांगत आहे, "हे मला नको." ज्याला शब्द नाहीत, त्याने आणखी कसे सांगावे? कोणी लक्ष वेधण्यासाठी, कोणी हवी ती वस्तू मिळविण्यासाठी, कोणी नकोशा गोष्टीतून सुटण्यासाठी, तर कोणी केवळ त्या हालचालीत अंगाला सुख वाटते म्हणून एखादी गोष्ट करतो. कारण सापडले म्हणजे उपाय सापडतो: ताट फेकण्याऐवजी हाताने दूर सारण्याची खूण त्याला शिकवावी आणि ती खूण करताच ताट नक्की उचलावे.

दुसरे तत्त्व चांगल्या कृतीला तात्काळ प्रोत्साहन देण्याचे. मुलाने योग्य ते केले की लगेच त्याला आवडणारी गोष्ट मिळावी. मग तो घास असो, शाबासकी असो की झोपाळ्यावरचा एक झोका असो. तिसरे, मोठे काम लहान पायऱ्यांत फोडावे. हात धुणे हे आपल्याला एक काम वाटते. परंतु नळ सोडणे, हात भिजविणे, साबण घेणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे अशी ती सात कामे आहेत. प्रथम हात धरून करवावे, मग नुसता स्पर्श, मग नुसती खूण, आणि शेवटी आपण मागे सरावे. हे मागे सरणे सर्वांत कठीण, असे ती तरुणी आम्हांस म्हणाली. आणि आमच्या मते ते सर्वच आईबापांस कठीण आहे!

या विद्येची सावली

परंतु प्रत्येक दिव्याखाली सावली असते. १९८७ साली कॅलिफोर्नियातील प्राध्यापक इव्हार लोव्हास यांनी स्वमग्न मुलांवरील आपल्या कामाचा अहवाल प्रसिद्ध केला. लहान वयाच्या १९ मुलांना आठवड्यास सुमारे ४० तास शिकविले असता त्यांतील ९ मुले साध्या शाळेच्या पहिल्या इयत्तेत इतरांप्रमाणे उत्तीर्ण झाली, असे त्यांनी लिहिले. या वार्तेने जगभरच्या आईबापांच्या आशा पालवल्या. पुढे इतर विद्वानांनी त्या प्रयोगाच्या पद्धतीवर शंका घेतल्या. कारण कोणत्या मुलाला कोणता उपचार द्यावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते. शिवाय त्या सुरुवातीच्या काळात मुलांना दरडावणे, चापट मारणे, इतकेच नव्हे तर विजेचा धक्का देणेही घडले. आज मोठी झालेली अनेक स्वमग्न माणसे सांगतात की, आम्हांला दिवसभर असे वळण लावले गेले की आम्ही स्वतःला लपवावयास शिकलो. त्यांचे म्हणणे ऐकणे न्यायाचे आहे. आज या विद्येच्या आचारसंहिता पुष्कळ कडक झाल्या आहेत व सौम्य मार्गांवर भर आहे; तथापि पद्धत कितीही चांगली असली तरी ती कोणाच्या हातात आहे, हे पाहावेच लागते.

ख्रिस्ती माणसास आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. स्किनर यांनी १९७१ साली लिहिलेल्या ग्रंथात मानवी स्वातंत्र्याची कल्पनाच जुनाट ठरविली. आम्ही तसे मानू शकत नाही. मूल हे शिकविलेले जनावर नव्हे. बोलो वा न बोलो, ते परमेश्वराच्या प्रतिमेचे आहे. पण औतकामाचे अवजार चांगले असेल तर ते घडविणाऱ्याचे सगळे विचार पत्करलेच पाहिजेत असे नाही. वही, रकाने, पायऱ्या व प्रोत्साहन हे आम्ही घ्यावे. माणूस म्हणजे केवळ सवयींचे गाठोडे, हा सिद्धांत तेथेच ठेवावा. संत योहान बॉस्को यांनी १८७७ साली आपल्या प्रतिबंधक शिक्षणपद्धतीवर लहानसा निबंध लिहिला. शिक्षा करून नव्हे, तर विवेक, धर्म व प्रेमळपणा यांनी मुलाला जिंकावे, हे त्याचे सार. वर्तनाचे शास्त्र आज ज्या ठिकाणी येऊन पोचले आहे, तेथे हा तुरीनचा धर्मगुरू आधीच उभा होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणून आम्ही त्या तरुणीस एक कसोटी सांगितली. मुलाने आनंदाने हात हलविले आणि त्यापासून कोणास इजा नाही, तर ते थांबवू नये. त्याने डोके भिंतीवर आपटले तर ते थांबवावेच. आपण शिकवितो ते मुलाच्या सुखासाठी की शेजाऱ्यांच्या नजरेसाठी, हे रोज रात्री स्वतःस विचारावे.

कागद कोठे चालतो?

आता बांगड्यांच्या प्रश्नाकडे येऊ. त्या तरुणीला एका मध्यस्थाने सांगितले होते की, पदवी हाती आली की जगन्मान्य प्रमाणपत्र मिळते आणि मग कामास तोटा नाही. वस्तुस्थिती तशी नाही. या क्षेत्रात सर्वांत नावाजलेले प्रमाणपत्र अमेरिकेच्या 'बिहेवियर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड' या १९९८ साली स्थापन झालेल्या मंडळाचे. त्यासाठी पदव्युत्तर पदवी, ठरलेले अभ्यासक्रम, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली सामान्यतः २,००० तासांचे प्रत्यक्ष काम आणि शेवटी परीक्षा, एवढे लागते. पडद्यावर पाठ ऐकता येतो. परंतु ते दोन हजार तास मुलांच्या सहवासातच काढावे लागतात. आणि मुख्य गोष्ट ही की, २०२३ च्या आरंभापासून या मंडळाने भारतात राहणाऱ्या नव्या उमेदवारांस प्रमाणपत्र देणे बंद केले आहे. अन्य काही आंतरराष्ट्रीय संस्था प्रमाणपत्रे देतात, परंतु त्यांचे वजन ज्याने त्याने चौकशी करून ठरवावे.

आपल्या देशात अपंगांच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्यांसाठी भारतीय पुनर्वास परिषदेचा १९९२ चा कायदा आहे. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ अशा व्यवसायांची नोंद या परिषदेकडे होते. वर्तन-विश्लेषक असा वेगळा व्यवसाय त्या यादीत नाही. अर्थात हे ज्ञान निरुपयोगी ठरते असे नव्हे. विशेष शिक्षकाला ते फार उपयोगी आहे. पण केवळ त्या परदेशी पदवीच्या बळावर येथे नोंदणीकृत व्यावसायिक होता येईल, असे समजून घर गहाण टाकणे धोक्याचे.

जी मुले-मुली या वाटेने जाऊ इच्छितात, त्यांच्या आईबापांनी पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावेत. ही ऑनलाईन पदवी भारतात समकक्ष मानली जाते काय? प्रमाणपत्र देणारे मंडळ भारतातील उमेदवार घेते काय? प्रत्यक्ष कामाचे तास कोठे व कोणाच्या देखरेखीखाली होणार? अर्ध्यावर सोडल्यास किती पैसे परत मिळतात? ज्याच्याकडे या चार प्रश्नांची लेखी उत्तरे नाहीत, त्याच्या गोड बोलण्यावर विसंबू नये.

गोव्याने शिकविलेला धडा

फार दूर न पाहता आपल्या गोव्याकडे पाहिले तर एक मोठी गोष्ट दिसते. १९९६ साली येथे स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने इंग्लंड व पाकिस्तानातील तज्ज्ञांच्या साहाय्याने स्वमग्न मुलांसाठी एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या प्रतिष्ठित नियतकालिकात आला. गोवा व रावळपिंडी येथील दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले त्यात होती. ही पद्धत वर्तन-विश्लेषणाची नव्हे, पण तिची शेजारीण म्हणता येईल. काम करणारे तज्ज्ञ नव्हते, तर शिकवून तयार केलेले साधे आरोग्यसेवक होते. ते सहा महिन्यांत बारा वेळा आईबापांस भेटत. आई मुलाशी खेळत असता त्याचे चित्रण करीत व मग तेच तिला दाखवून विचारीत: येथे मुलाने काय पाहिले? तुम्ही त्याच्या मागे गेलात की त्याला आपल्या मागे ओढलेत? परिणाम असा की, आईबाप मुलाच्या कलाने अधिक घेऊ लागले व मुले आपणहून संवादास अधिक वेळा आरंभ करू लागली. सर्वच बाबतींत सुधारणा झाली असे नाही, हेही त्या अहवालात प्रामाणिकपणे नोंदलेले आहे.

यातून आम्ही असा बोध घेतो की, खरी शाळा घरात भरते आणि तिचे खरे शिक्षक आईबाप आहेत. शिकलेल्याचे काम त्यांस वाट दाखविण्याचे. आणि ती वाट त्यांच्या बोलीतून जावी लागते. त्या तरुणीची सारी पुस्तके इंग्रजीत. तिने आरंभी मुलाला 'वॉटर' हा शब्द शिकविण्याचे ठरविले. शामायने विचारले, "बाय, तू गेल्यावर तो माझ्याकडे 'वॉटर' मागेल तर मला काय कळेल?" त्या दिवसापासून पुस्तकातला शब्द मागे पडला आणि घरातला 'उदक' पुढे आला.

पुढे काय झाले?

त्या तरुणीने कर्ज काढले नाही. भरलेल्या पैशांचे सत्र तिने पुरे केले, शिकली ते वाया जाऊ दिले नाही, आणि आता ती पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमाच्या तयारीस लागली आहे. दर शनिवारी ती त्या मुलाच्या घरी बलकांवावर बसते. आई वही लिहिते. सात आठवड्यांनी त्या मुलाने पहिल्यांदा रिकामा पेला आणून आईच्या हातात दिला. त्या दिवशी त्याने रडून पाणी मागितले नाही. वहीतील ती नोंद आईने आम्हांस दाखविली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

चर्चचेही तसेच केले. पहिल्या रविवारी मूल बाजूच्या दाराजवळच्या बाकावर पाच मिनिटे बसले व बाहेर गेले. पुढच्या वेळी सात. घंटा वाजावयाच्या आधी आई त्याच्या कानांवर हात ठेवते आणि आमचा सेवक मुलगाही आता घंटा हलकेच वाजवितो. आजमितीस ते मूल प्रवचनापर्यंत बसते. कधी रडते, तेव्हा आई त्याला बाहेर नेते व पुन्हा आत आणते. माना आता पूर्वीइतक्या वळत नाहीत. वळण त्या मुलाला लागले, तितकेच धर्मग्रामालाही लागले, असे आम्ही म्हणू.

आमच्या कुटुंबांस शेवटी थोडे व्यवहाराचे सांगणे आहे. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने काही दाखवीत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर दिष्ट काढण्यात महिने घालवू नका, डॉक्टरांकडे जा. जागतिक अंदाजाप्रमाणे शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल असे असते; म्हणजे आपल्या प्रत्येक मोठ्या गावात असणारच. डिचोलीत केशव सेवा साधना संस्थेची विशेष मुलांची शाळा आहे, पर्वरीस संजय स्कूल आहे, जुन्या गोव्यात कारितासची सेंट झेवियर अकादमी आहे. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नता ही अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांत धरली आहे. तेव्हा दाखला काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत अशा व्यक्तीस वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविम्याचे संरक्षण आहे, त्याचीही चौकशी करा. यात लाजण्यासारखे काही नाही.

जन्मांध माणसास पाहून शिष्यांनी प्रभूस विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. आणि मुक्या-बहिऱ्या माणसास बरे करताना प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला नेले होते, हेही शुभवर्तमानात आहे. एका माणसासाठी गर्दी सोडून बाजूला जाणे, हीच त्या तरुणीची शनिवारची विद्या. ती कोणत्याही पडद्यावरून शिकता येईल, पण आचरावी लागेल ती आपल्याच गावात. तुमच्या शेजारी असे एखादे घर असेल, तर येत्या रविवारी त्या मातेसाठी दाराजवळच्या बाकावर जागा राखून ठेवा.